पॉइन्सेटियाची पानं गळताहेत, एकही लाल होत नाहीये. मदत हवी आहे

आम्ही वेंगुर्ल्याला राहतो. गेल्या नाताळात शेजारच्या काकींनी पॉइन्सेटियाची कुंडी दिली. शिमग्यापर्यंत लाल पानं झडली, मग छाटणी केली. पावसाळाभर पडवीत छान वाढलं, कमरेएवढं झालं. आता नोव्हेंबर संपत आला तरी सगळं हिरवंगार. शिवाय खालची पानं पिवळी पडून गळताहेत, आणि कुंडी हलवली की पानांखालून पांढरी चिलटं भुर्रकन उडतात. आंब्यावर तुडतुडा आला की पानं कशी चिकट, काळी होतात, तसंच दिसतंय. माती जांभ्याची, शेणखत घातलेलं. कुंडीखाली बशी आहे. बिबट्याच्या भीतीने पडवीतला दिवा रात्रभर चालू असतो, त्याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद १
ताई, तोच संबंध आहे! हे मेक्सिकोचं झाड रात्र मोठी झाली की रंगतं. (लाल दिसतात ती पानंच, फुलं म्हणजे मधले पिवळे ठिपके.) आपल्याकडे डिसेंबरात रात्र जवळजवळ तेरा तासांची असते, तेवढी त्याला पुरते, पण सलग काळोख हवा. मधे दिवा लागला की गणित बिघडतं. मागीलदारी, दिव्यापासून लांब, पण दिवसा ऊन येईल अशा जागी हलवा. नाही जमलं तर संध्याकाळी पाच ते सकाळी सात खोकं उपडं घाला. रंग भरायला आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे हा नाताळ गेलाच.

प्रतिसाद २
चिलटं म्हणजे पांढरी माशी. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. अंडी एका फवारणीत मरत नाहीत, आठवड्याने पुन्हा मारा. पिवळे चिकट कागदही टांगा. पानगळीला मात्र मला बशीच दोषी वाटते. जांभ्याची माती दाबून बसते, खाली पाणी साचतं, मुळं कुजतात. बशी काढा, वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी घाला. मुळं काळी, लिबलिबीत निघाली तर ती कापून कोकोपीट-वाळू मिसळलेल्या मातीत लावा. कापताना चीक येतो, अंगाला खाज सुटते, हातमोजे घाला.

धागाकर्ती
आभार दोघांचेही. बशी लगेच काढली. दिवा बंद करायला सासरे तयार नाहीत, त्यामुळे कुंडीच विहिरीकडे नेते. तिथे खारा वारा थेट लागतो, तो चालेल का?

प्रतिसाद १
थेट नको. भिंतीच्या आडोशाला ठेवा.