मुलीला जवळची माणसं लांब आणि लहान दिसतात, कुणाला अनुभव आहे का?

ओवीची आई:
मुलगी तिसरीत आहे. मध्यंतरी तिला ताप आला होता. घसा लाल, मानेला गाठी. त्यातून बरी झाली, पण तेव्हापासून रात्री झोपायच्या वेळी म्हणते, "आई, तू लांब गेलीस." मी तिच्या उशाशीच बसलेली असते! भिंतीवरचं घड्याळ तिला शर्टाच्या बटणाएवढं दिसतं आणि स्वतःची बोटं मात्र जाडजूड. थोड्या वेळात आपोआप सगळं पूर्ववत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. नंबर नाही, पडदाही चांगला आहे. सासूबाईंनी दृष्ट काढली, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण घरात आता "नाटकं करते" असा सूर आहे, आणि पोर रडवेली होते. पुढे कुणाला दाखवू?

कृष्णाकाठ:
ओवीची आई, आधी तिला जवळ घेऊन सांगा की माझा तुझ्यावर विश्वास आहे. मला हे शाळेपासून आहे. बाई शिकवत असताना फळा मागे मागे सरकायचा, बाई बोटभर व्हायच्या. घरी सांगितलं की "अभ्यास टाळते" हेच उत्तर. मग मी सांगणंच सोडलं, आणि त्या गप्प राहण्याचा त्रास दिसण्याच्या त्रासापेक्षा जास्त झाला.

याला 'अ‍ॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम' म्हणतात. जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९५५ साली हे नाव दिलं, १८६५ च्या त्या पुस्तकातली अ‍ॅलिस लहान-मोठी होते त्यावरून. माझ्या बाबतीत मूळ अर्धशिशीत निघालं. आधी असं दिसायचं, मग अर्धं डोकं ठणकायचं. अर्धशिशीवरचं औषध सुरू झाल्यावर खूप कमी झालं. अजूनही कधी जिन्यात पायऱ्या खोल जायला लागल्या की मी थांबते आणि तळहात भिंतीला टेकवते. डोळ्यांना भिंत कितीही लांब दिसो, हाताला ती जिथल्या तिथे लागते. तेवढ्याने धीर येतो.

तुमच्याकडे कुणाला अर्धशिशी आहे का? आईला, मावशीला? डॉक्टर हे हमखास विचारतात.

बालरोग_डॉक्टर:
वर्णन बरंचसं जुळतं, पण निदान प्रत्यक्ष तपासूनच होईल. डोळे चांगले असूनही असं होतं, कारण डोळ्यांनी पाठवलेल्या चित्रातला आकार आणि अंतर मेंदू ठरवतो, आणि गडबड तिथे होते. मुलांमध्ये अर्धशिशी आणि विषाणूसंसर्ग ही नेहमीची कारणं. त्यातही एपस्टाइन-बार विषाणू. तुम्ही घसा आणि मानेच्या गाठी म्हणालात म्हणून तो विशेष आठवला. क्वचित फिटचा प्रकारही असतो. बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते रक्त, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी), एमआरआय सांगतील. बहुतेक मुलांमध्ये हे काही काळाने आपोआप थांबतं.

एक फरक लक्षात घ्या. "तू लांब दिसतेस, पण इथेच आहेस हे मला कळतंय" असं मूल सांगतं. म्हणजे भान शाबूत आहे. हा वेडाचा प्रकार नाही. मात्र त्या वेळी हाक मारूनही ओ देत नसेल, हातपाय झटकत असेल, बोलणं अडखळत असेल, एका बाजूची शक्ती गेली असेल किंवा तापासोबत उलट्या आणि जोरदार डोकेदुखी असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

ओवीची आई:
दोघांचेही मनापासून आभार. अर्धशिशी मला स्वतःलाच आहे! हे जोडून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. आज ओवीला म्हटलं, कसं दिसतं ते काढून दाखव. तिने कागदाच्या एका कोपऱ्यात मुंगीएवढी मी काढली आणि उरलेल्या पानभर स्वतःचा हात. ते चित्र यजमानांनी बघितलं आणि म्हणाले, उद्याच नंबर लावू. खोकल्याचं औषध अजून अधूनमधून देतोय, त्याचा काही संबंध असेल का?

बालरोग_डॉक्टर:
असू शकतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या कफ सिरपने असं झाल्याच्या नोंदी आहेत. तूर्त ते थांबवा. बाटली आणि चित्र दोन्ही सोबत न्या. आणि जमलं तर किती वाजता, किती वेळ, आधी-नंतर डोकं दुखलं का, एवढं वहीत टिपून ठेवा.