रॉसी म्हणे निम्मी जाहिरात!

खटारा_यामाहा
परवा इथेच एकाने लिहिलं की मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेत, मार्केझने २०२५ मध्ये जपानात मोतेगीला नववं जगज्जेतेपद घेतलं, रॉसीशी बरोबरी झाली, आता रॉसीवाल्यांनी पिवळ्या टोप्या माळ्यावर टाका. 'रॉसी म्हणजे निम्मा रायडर आणि निम्मी जाहिरात'. तिथेच उत्तर देणार होतो, पण ते लांबलं. डोकंही फिरलंय.

नऊ-नऊ मान्य. मोठ्या वर्गात, म्हणजे सर्वात वरच्या गाड्यांच्या गटात, सात-सात, तेही मान्य. पण जाहिरात? २००३ संपताना हा माणूस होंडावर होता, हातात त्या काळची सर्वात भारी गाडी, खिशात सलग तीन टायटल. गाडीच जिंकतेय, पोरगा नुसता वर बसतोय, अशी कुजबुज होतीच. पठ्ठ्या उठला आणि यामाहाकडे गेला. त्या यामाहाने २००३ च्या अख्ख्या मोसमात एक शर्यत जिंकली नव्हती. १९९२ च्या वेन रेनीनंतर मोठ्या वर्गाचं टायटल पाहिलं नव्हतं. २००४, दक्षिण आफ्रिकेतलं वेल्कम, पहिलीच शर्यत, शेवटच्या लॅपपर्यंत जुना वैरी बियाजी मागे चिकटलेला. जिंकला. नंतर गाडी कडेला लावून तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. वर्षाखेरीस टायटलही घेतलं. जाहिरातवाल्यांनी असं दुसरं उदाहरण दाखवावं, मी गप्प बसतो.

सत्तावीस_नंबर
आलं वेल्कमचं पारायण. दुसरं उदाहरण? घ्या. चार ऑपरेशनं झालेला हात घेऊन मार्केझने होंडाचा करार सोडला आणि २०२४ ला ग्रेसिनी या खासगी टीमची आदल्या वर्षीची डुकाटी घेतली. कंपनीची टीमसुद्धा नव्हे. आता बसा गप्प.

आणि रॉसी यामाहाकडे काय एकटा गेला होता? मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेस आणि जवळजवळ सगळे मेकॅनिक बरोबर नेले. मिशेलिन तेव्हा युरोपातल्या शर्यतींना शनिवारी रात्री ताजे टायर बनवून आणायची, ते आधी कुणाला मिळायचे हे मी सांगायला नको. २००७ ला टायरचे नियम बदलले, ब्रिजस्टोनवर डुकाटीचा स्टोनर आला, टायटल घेऊन गेला. पुढच्या वर्षी साहेबांनाही ब्रिजस्टोनच हवे झाले!

डुकाटीचं तर बोलायलाच नको. २०१० मध्ये स्टोनरने त्याच कंपनीच्या गाडीवर तीन शर्यती जिंकल्या होत्या. त्यानंतरची दोन वर्षं डुकाटीवर रॉसी: विजय शून्य, पोडियम तीन. २०११ ला हेरेझला स्टोनरला घेऊन पडला आणि माफी मागायला गेला तो डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून. स्टोनरने तोंडावर सांगितलं, तुझी महत्त्वाकांक्षा तुझ्या कुवतीच्या पुढे गेली. खलास.

खटारा_यामाहा
डुकाटीची ती दोन वर्षं आम्ही घरी कॅलेंडरमधून फाडून टाकलीत, खूश? पण मलेशियातल्या सेपांगचा विषय काढला नाहीत, याचं आश्चर्य वाटलं.

सत्तावीस_नंबर
काढतो की. २०१५. फिलिप आयलंडला मार्केझने शेवटच्या लॅपला लोरेन्झोला, म्हणजे टायटलसाठी रॉसीशी झुंजणाऱ्या यामाहाच्याच जोडीदाराला, मागे टाकून शर्यत जिंकली, म्हणजे लोरेन्झोचे पाच पॉइंट खाल्ले. आणि चार दिवसांनी तुमचे गुरुजी पत्रकारांसमोर म्हणतात, मार्केझ लोरेन्झोला मदत करतोय. हे कुठलं गणित? मग सेपांगला चौदाव्या वळणावर मार्केझला बाहेर ढकलला. तीन पेनल्टी पॉइंट, व्हॅलेन्सियाला शेवटून सुरुवात, चौथा आला आणि टायटल पाच पॉइंटांनी गेलं. स्वतःच्या पायाने घालवलं.

कडकलक्ष्मी
पायाचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. ब्रेक मारताना आतला पाय लोंबकळत सोडायचं ते फॅड रॉसीने रूढ केलं. तो ताशी ३०० वरून खाली येताना करायचा, त्याचं तो जाणे. माझा भाचा ते ताम्हिणीत दीडशे सीसीवर करतो. टाकीवर रॉसीच्या ४६ नंबरचा स्टिकर, गार्ड काढलेला सायलेन्सर, मागे मोबाइल धरून बसलेला मित्र. गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर सरळ दरीच्या कठड्याला धडकला. कॉलरबोन आणि मनगट. वारसा वारसा करता ना, तो हा. आमच्या घरी त्याचं बिल आलंय.

ताम्हिणी_रविवार
ताई, भाच्याला बरं वाटो. पण रॉसीने ताम्हिणीत ये म्हणून निमंत्रण दिलं होतं का? आम्ही पंधरा वर्षं रविवारी पहाटे जातो. पूर्ण गियर, ओळीत, ओव्हरटेकला हाताची खूण. आम्हाला त्रास कुणाचा? थार घेऊन चुकीच्या लेनमध्ये सेल्फी काढणाऱ्यांचा. त्यांच्या काचेवर कुणाचा नंबर असतो?

सदाशिवपेठी
पूर्ण गियर म्हणे. सहा किलोचा कोट घालून चहा प्यायला जायचं. आणि तुमच्यासारख्यांमुळेच इथे हेल्मेट आमच्या डोक्यावर लादलं. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात सक्तीवरून काय तमाशा झाला तो पाहिलाय मी. रॅलीत स्वतः होतो, विनाहेल्मेट, आणि अभिमानाने सांगतो. लक्ष्मी रोडवर ताशी वीसच्या वर गाडी जात नाही. तिथे मोटोजीपीचं शिरस्त्राण कशाला? मानेला घाम, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि देवळात गेलं की ते ठेवायचं कुठे?

कडकलक्ष्मी
ठेवायचं कुठे म्हणून घालायचं नाही? दागिने ठेवायला जागा सापडते बरोबर.

सदाशिवपेठी
दागिने मी घालत नाही.

रंकाळ्यावरनं
लई भारी. धागा रॉसीचा, पोचलाय लक्ष्मी रोडला. काका, वीसच्या स्पीडला पडून डोकं फुटलेलं आमच्या गल्लीत बघितलंय मी. गडी उभाच होता सिग्नलला, मागनं टेम्पोनं ढकललं. डांबर वीस-चाळीस बघत नाही.

सदाशिवपेठी
आणि हेल्मेट घालून मेलेले नाहीत का? तुमच्या त्या रायडर सिमॉन्चेलीचं काय झालं? इतकं महाग हेल्मेट, तरी निघून पडलंच की.

खटारा_यामाहा
हे मात्र जरा सांभाळून. २०११ चं सेपांग. त्याच्यावर ज्या दोन गाड्या गेल्या, त्यातली एक रॉसीची होती, आणि तो रॉसीचा जवळचा मित्र. ती शर्यत मी लाइव्ह पाहिलीय, त्यानंतर कितीतरी दिवस टीव्ही लावला नव्हता. लक्ष्मी रोडच्या पार्किंगच्या भांडणात त्या पोराला ओढू नका. मुद्दा म्हणूनही तो चुकीचा आहे. डोक्याला आणि मानेला दोन गाड्यांची धडक बसली तर कुठलंच हेल्मेट पुरत नाही. म्हणून हेल्मेट नको, हे कुठलं लॉजिक?

सदाशिवपेठी
बरं, तो उल्लेख मागे घेतो. बाकी सक्ती ती सक्तीच. मत कायम.

ताम्हिणी_रविवार
काकांचं एक बरोबर आहे, घाम येतो. २०२३ ला ग्रेटर नोएडाला गेलो होतो, बुद्ध सर्किट. सप्टेंबरातलं ऊन असं की मोटोजीपीच्या लॅप २४ वरून २१ केल्या, आणि दुसरा आलेला मार्टिन शर्यत संपल्यावर कोसळला. आम्ही स्टँडमध्ये पाण्याच्या बाटलीसाठी रांगेत. आणि तरीही एकाही रायडरने हेल्मेट काढून ठेवायला जागा मागितली नाही.
जिंकला बेझेक्की. कुणाच्या टीमचा? व्हीआर-४६, म्हणजे रॉसीच्याच. रॉसी निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली होती आणि माझ्या आजूबाजूला निम्मा स्टँड पिवळा. नववीतला एक पोरगा बापाला समजावत होता की बान्याया कसा रॉसीच्या अकॅडमीतला, म्हणजे त्याच्या तालमीतला. ज्याने रॉसीचा एकही विजय लाइव्ह पाहिला नसेल बहुतेक! शेवटचा तर असेनचा, २०१७.

बोलोन्याकर
मी इथे इटलीत राहतो म्हणून थोडं. अकॅडमीचं श्रेय कमी लेखू नका. २००९ मध्ये रॉसीने शेवटचं टायटल घेतलं आणि त्यानंतर २०२२ पर्यंत मोठ्या वर्गात इटलीचा जगज्जेता नव्हता. तो झाला बान्याया, तोही डुकाटीवर. म्हणजे ज्या गाडीवर रॉसीला स्वतःला जमलं नाही, त्या गाडीवर त्याच्या तालमीतल्या पोराने करून दाखवलं. मॉर्बिडेली, बान्याया, मग भाऊ मारिनी, बेझेक्की. रॉसीच्या गावी, तावुल्लियाला, त्याच्या मातीच्या ट्रॅकवर ही पोरं एकमेकांच्या अंगावर जात वाढलीत. आपल्याकडे मोठा खेळाडू निवृत्त झाला की समालोचन करतो नाहीतर निवडणूक लढवतो.

पण दुसरी बाजूही सांगतो, सत्तावीस_नंबर खूश होतील. २०१६ ला इथल्या मुजेल्लो ट्रॅकला डोंगरउतारावर बसून शर्यत पाहिली. मार्केझ सुरक्षारक्षक घेऊन फिरत होता, एवढं वातावरण तापलेलं. रॉसीचं इंजिन धूर सोडून बसलं आणि अख्खा उतार गार. पुढे लोरेन्झो-मार्केझची काय झुंज झाली! ०.०१९ सेकंदांनी निकाल. आणि पोडियमवर दोघांना शिट्ट्या, हुर्यो. शेजारी सहा-सात वर्षांची पोर खांद्यावर घेतलेला बाप तिला कशी हुर्यो करायची ते शिकवत होता. मी रॉसीचाच. त्या दिवशी टोपी पिशवीत घातली. गुरुजींनी एक शब्द टाकला असता तर ते थांबलं असतं. त्यांनी तो पुरेसा टाकला नाही, असं माझं मत.

सत्तावीस_नंबर
एका रॉसीवाल्याने हे लिहिलं, स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

खटारा_यामाहा
ठेवा, फ्रेम करा. हुर्योचं पटतं. मुजेल्लोत जे झालं ते घाणेरडंच होतं. पण तो राग आला कुठून ते पाहा ना. पोट फुटेस्तोवर हसवायचा हा माणूस. १९९९ ला हेरेझला जिंकल्यावर ट्रॅकच्या कडेच्या मोबाइल टॉयलेटमध्ये शिरला! २००२ ला मुजेल्लोत 'पोलिसांनी' त्याला ओव्हरस्पीडिंगचं चलान फाडलं. खेळ बघायला लोक यायचे कशासाठी, तर यासाठी. लोकांनी त्याला घरातला मानलं, म्हणून त्याचं भांडणही घरातलं मानलं.

रंकाळ्यावरनं
घरातला होता तर इटलीचा टॅक्स लंडनात का ठेवला होता? २००८ ला साडेतीन कोटी युरोंच्या आसपास तडजोड केली गड्यानं. हे पण घरातलंच का?

खटारा_यामाहा
भरले ना शेवटी. तुमच्याकडे सुपारी मिळालीय का मला हैराण करायची?

सत्तावीस_नंबर
चला, माझ्याकडून एक देतो, फुकट. २०१० ला मुजेल्लोत पायाचं हाड मोडल्यावर दीड महिन्याच्या आत जर्मनीत साक्सनरिंगला परत आला आणि चौथा. ते रायडिंग होतं, जाहिरात नव्हती. आणि २०२२ ला ४६ नंबर कायमचा बाजूला ठेवला, तेही योग्यच. त्याला पर्याय नव्हता, नाहीतर तो नंबर घेणाऱ्या पोराची शिट्ट्यांनी काय गत झाली असती ते बोलोन्याकरांनी सांगितलंच आहे.

कडकलक्ष्मी
नंबर ट्रॅकवरून काढला, ताम्हिणीतून कोण काढणार?

ताम्हिणी_रविवार
भाच्याला या रविवारी आमच्याबरोबर पाठवा. प्लास्टर निघालंय ना? पाय फुटपेगवर राहील याची हमी घेतो. सायलेन्सर मात्र कंपनीचाच लावून आणायचा.

सदाशिवपेठी
आणि चहाला थांबल्यावर हेल्मेट ठेवायला जागा बघून ठेवा.