अनुभव धागा : पोट लहान केल्यावर घरी आल्यानंतर

वजन घटवायच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या सीमाभागातली माणसं बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, कुठंकुठं जातात आणि दोन-तीन दिवसांत घरी येतात. हातात इंग्रजी कागद, घरात मराठी बोलणारी माणसं, औषधाच्या दुकानावर कानडी पाटी. त्यामुळे या धाग्यात "किती किलो उतरलं" नको. हे काम रोज बघणाऱ्यांनी मापं, वेळा आणि नेमकं कुठं बिघडतं ते लिहावं.

शस्त्रक्रिया विभागातली परिचारिका, बेळगाव

नातेवाईक सगळ्यालाच "पोट कापलं" म्हणतात, पण प्रकार वेगळे आहेत आणि पुढचं पथ्यही त्यावर ठरतं. स्लीव्हमध्ये जठराचा फुगीर भाग, साधारण 75 ते 80 टक्के, स्टेपलरने कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्यासारखी नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होत असतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही. बायपासमध्ये वरचा 30 मिलीच्या आसपासचा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिकडून जात नाही. आधीच जळजळ फार असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते. हे आधी विचारून घ्या, कारण काढलेला भाग परत बसवता येत नाही.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे 800 ते 1000 कॅलरीचा, भात-भाकरी-साखर अगदी कमी असलेला आहार देतात. तो वजनासाठी नसून यकृतासाठी असतो. यकृताचा डावा भाग जठरावर पडलेला असतो. चरबीने जड झालेलं यकृत उचलताना रक्त येतं आणि दुर्बिणीला जागा मिळत नाही. आणि नेमकं याच पंधरवड्यात "आता पुढं कुठलं मिळतंय" म्हणून यल्लम्माच्या जत्रेसारखी जेवणं होतात!

घरी आल्यावर नाडी मोजायला शिका. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या गॅसमुळे, चाललं की कमी होतो. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी 120 च्या वर, त्यात ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी, दम लागणं असं असेल तर टाक्यांतून गळती आहे असंच धरायचं आणि शस्त्रक्रिया झाली तिथं त्याच रात्री जायचं. खानापूरच्या पलीकडच्या जंगलपट्ट्यातल्यांनी, पावसाळा असेल तर विशेषतः, पहिले दहा दिवस बेळगावात कुणा पाहुण्यांकडे राहावं.

आहारतज्ज्ञ, टिळकवाडी (बेळगाव)

सगळ्यात जास्त चुका पाण्याच्या होतात. पंधरा मिनिटांत 30 मिली, म्हणजे खोकल्याच्या बाटलीवरचं 10 मिलीचं मापाचं टोपण तीनदा, थांबत थांबत. तासाला 120 मिली झाले. जागेपणीचे तेरा तास धरले तर दीड लिटर भरतं. सकाळी विसरून दुपारी पेला तोंडाला लावला तर उलटी ठरलेली. पहिला आठवडा फक्त पारदर्शक : नारळपाणी, दह्यावरचं निवळ पाणी, गाळलेलं सूप. पुढचे दोन आठवडे दूध, पातळ ताक, पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढून चाळणीतून गाळलेलं. त्यानंतर कुस्करलेलं पनीर, अंडं, मऊ मासा. रुग्णालयागणिक दिवस थोडे इकडेतिकडे होतात, क्रम मात्र बदलत नाही.

रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. हिशोब मांडूनच दाखवते : दोन अंडी 12, दोन पेले दूध 13, 50 ग्रॅम पनीर 9, शिजलेली कोंबडी 50 ग्रॅम म्हणजे साधारण 13. झाले 47. उरलेले 13 पावडरीतून. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, ती खाली बसलेल्या डाळीत असतात. घरची माणसं प्रेमाने वाटीभर पाणी पाजतात आणि महिन्यात दंडाचं मांस उतरतं.

भात आणि चपाती दोन महिने तरी नको, कारण चावून चावून दोन्हीचा चिकट गोळा होतो आणि नळीच्या तोंडाशी बसतो. मग तोंडाला फेस येतो, छातीत दाब येतो. त्यावर पाणी प्यायचं नाही. उभं राहायचं, चालायचं. ज्वारीची भाकरी सुरू करताना पापुद्रा काढून आतला मऊ भाग ताकात भिजवून घ्यायचा. जेवताना आधी अंडं-पनीर, मग भाजी, भाकरी शेवटी. शिंक, उचकी किंवा नाकातून पाणी आलं की पोट भरलं. त्यानंतरचा एक घास उलटीचा.

वर्षभरानंतर वजन परत चढतं त्याचं कारण भाकरी नसते. चुरमुरे, भडंग, टोस्ट, चहा हे कुरकुरीत-पातळ अडत नाही, सर्रकन खाली जातं. "दोन टोस्टच खाल्लो की ओ", असं दिवसातून पाचदा. कुंद्याचंही (बेळगावची खव्याची मिठाई) तसंच, आणि बायपासवाल्याला तर चमचाभर कुंद्याने किंवा उसाच्या रसाने अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब होतात. त्याला डम्पिंग म्हणतात. एक-दोन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय कापतात ते निराळं. ते झालं म्हणून पुन्हा साखर खाल्ली की चक्र सुरू.

फिजिशियन, चिकोडी

मधुमेह आठवड्याभरातच उतरू लागतो, गोळ्या मात्र जुन्याच चालू राहतात. धोका तिथं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा डोस घरी यायच्या आधीच नव्याने लिहून घ्यायचा, नाहीतर द्रव आहारावर साखर 50 पर्यंत उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन गटातली गोळी शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी बंद लागते. चालू राहिली तर साखर जेमतेम वाढलेली असताना रक्त आम्ल होतं आणि ग्लुकोमीटरवर कळतही नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी आणि दिवसाला अर्धा लिटर पाणी ही जोडी मूत्रपिंडाला महाग पडते.

आता सलाईनचं. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत की गावातल्या दवाखान्यात "एक बाटली लावा" होतं, आणि बाटली असते ग्लुकोजची. अशा माणसाच्या अंगातलं थायामिन, म्हणजे बी-1, आधीच संपत आलेलं असतं. ग्लुकोज जाळायला उरलंसुरलं खर्च होतं आणि मेंदूला इजा होते : एकाचे दोन दिसणं, झोकांड्या, गोंधळ. म्हणून शस्त्रक्रिया झाल्याचं डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि थायामिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी.

दंतवैद्य, निपाणी

"सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला इथल्या बायका खरंच "नाही" म्हणतात. दात घासायच्या मिश्रीला कुणी तंबाखू धरतच नाही. बायपासच्या जोडावर व्रण होण्याचं मोठं कारण तंबाखू आहे, विडी असो, गुटखा असो की मिश्री. कमीत कमी सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर कायमची. विचारताना "दात कशानं घासता?" असं विचारा, मग खरं कळतं.

औषध विक्रेते, शहापूर (बेळगाव)

कॅल्शियम सायट्रेट मागा. कार्बोनेटला आम्ल लागतं, ते आता कमी. दिवसाचे 1200 ते 1500 मिलिग्रॅम एकदम न घेता पाचशे-पाचशेचे भाग करायचे. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब आणि चहापासूनही लांब. बी-12 जिभेखालची रोज किंवा इंजेक्शन महिन्याला. "लाँग ॲक्टिंग" गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जात नाहीत, साधी गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन दुकानातून परस्पर घेऊ नका, व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं.

विम्याची कागदपत्रं बघणारा, बेळगाव

2020 पासूनच्या प्रमाणित नियमांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40, किंवा 35 आणि जोडीला गंभीर आजार (आटोक्यात न येणारा मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकणं, हृदयविकार) असेल तर दावा बसतो. आहार-व्यायामाने आधी प्रयत्न केल्याच्या तारखांसह नोंदी लागतात. तिथंच फाईल अडते.

पुन्हा टिळकवाडी

दोन गोष्टी राहिल्या. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. तोवर प्रथिनं आणि लोह बघा, तेलं बदलू नका. बाळाचा विचार 12 ते 18 महिने पुढं ढकला. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांकडून घ्या.

लग्नाच्या पंगतीचं विचारलंय कुणीतरी. घरून उकडलेलं अंडं किंवा पनीर खाऊन जा. मांडे वाढायला आले की पानावर हात आडवा धरा, वाढप्याशी बोलत बसू नका. पाण्याचा पेला जेवण संपून अर्धा तास झाल्यावरच मागा.