रातांब्याला फुलं येतात पण फळ धरत नाही, झाड तोडायचं का?

परसातला: नमस्कार, कुडाळजवळ आमच्या परसात रातांब्याचं म्हणजे कोकमाचं झाड आहे, आजीने बी टाकून लावलेलं, 12 वर्षं झाली. थंडीत फुलांचे झुपके भरपूर लागतात पण आजवर एक फळ नाही. बाबा म्हणतात वांझ आहे, तोडून टाकू. माझ्या जिवावर येतंय. खत कमी पडतंय का?

बागवाला: वांझ नाही ओ, नर असणार. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून केली की साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत कळत नाही. एक फूल तोडून बघा, मधे बारीक हिरवी गोटी असेल तर मादी, नुसते केसर भरलेले असतील तर नर, मग खताचं पोतं ओतलंत तरी फळ येणार नाही. पण तोडू नका! बाजूला दापोली कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता नाहीतर कोकण हातीस या जातींची कलमं लावा, त्यांना हाच नर परागाला लागेल. कलम घेताना त्यावर बांधलेली काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना ते विचारा, आडव्या फांदीची असली तर झाड उंच जात नाही, पसरत बसतं, आमची दोन तशीच झालीत.

सोलकढी: आणि फळं आली की बिया फेकू नका हां. सालीला रसाचे पूट देऊन आमसुलं, मीठ घालून आगळ म्हणजे खारवलेला रस, हे सगळेच करतात, पण बिया राखेत घोळवून वाळवायच्या, फोडून गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तेल येतं ते निवलं की मुठीत दाबून गोळे करायचे, तेच मुठेल. आई रात्री दिव्यावर वितळवून टाचांच्या भेगांत भरायची, आता तेच कोकम बटर म्हणून महागड्या क्रीममध्ये असतं.

परसातला: बहीण गार्सिनियाच्या वजन कमी करायच्या गोळ्या घेते, त्या कोकमाच्याच का?

बागवाला: बहुतेक केरळच्या कुडमपुळीच्या, तिकडे माशाच्या कालवणात घालतात ती. कोकमाचीच बहीण, मँगोस्टीनही याच गोतातलं, या गोताचंच नाव गार्सिनिया. पण कालवणातली पाकळी वेगळी आणि अर्काची गोळी वेगळी, अशा गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका.

परसातला: सांगतो तिला. फूल बघितलं, गोटी नाहीये. बाबांनाही दाखवलं, आता तेच विचारतायत जूनला लावायला कलमं मिळतील का.