मदत हवी आहे : संकष्टीच्या चंद्रोदयाची नेमकी वेळ

सर्वांना नमस्कार. आम्ही गोंदियाला राहतो आणि माझ्या सासूबाई गेली अनेक वर्षे संकष्टीचा उपवास करतात. पूर्वी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहून आम्ही कुकर लावत असू. मोबाइल आल्यापासून दिनदर्शिका आणणेच सुटले. गेल्या संकष्टीला मोबाइलवर दिसलेली वेळ मुंबईची होती, हे माझ्या लक्षात आले नाही, आणि चंद्र केव्हाच गच्चीच्या कठड्यावर आलेला असताना सासूबाई दूर्वांची जुडी हातात धरून देवघरापाशी ताटकळत बसल्या होत्या. मला फार वाईट वाटले.

मुंबई सुमारे ७३ आणि गोंदिया सुमारे ८० अंश पूर्व रेखांशावर असल्याने, दर अंशाला ४ मिनिटे धरली तर आमच्याकडे चंद्र साधारण अर्धा तास आधी उगवतो. मात्र अक्षांशानेही फरक पडतो, तेव्हा एवढ्या हिशेबावर विसंबावे का? विदर्भातील गावांच्या वेळा देणारे छापील पंचांग कोणी वापरत असल्यास, किंवा मोबाइलमध्ये आपले गाव कायमचे कसे नोंदवावे हे ठाऊक असल्यास, कृपया सांगावे. पुढच्या संकष्टीपूर्वी कळले, तर सासूबाईंना स्वतः वाचता येईल असा मोठ्या अक्षरांतला कागद देवघराशेजारी लावायचा आहे.