निवेदन बोलीत की प्रमाण भाषेत?

ओली_शाई
दिवाळी अंकाला पाठवलेली कथा साभार परत आली. संपादक म्हणाले, "संवाद बोलीत राहू द्या, निवेदन मात्र प्रमाण भाषेत आणा. वाचक दमतो." आठवडाभर धुसफुसलो, पण आता पटतंय. माडगूळकरांची 'बनगरवाडी' कादंबरीच बघा. माणदेशी धनगर आपल्या बोलीत बोलतात, गोष्ट सांगितली जाते ती साध्या प्रमाण मराठीत. नव्याने लिहिणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा. बोला.

रानवाट
साफ चूक. अहो, 'बनगरवाडी' सांगतो कोण? शाळामास्तर! तो तसंच बोलणार. आनंद यादवांचा 'गोतावळा' (1971) काढा. तिथं सांगणारा नारबा, शेतावरचा गडी. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून जातात. हे सगळं त्याने पुस्तकी मराठीत सांगितलं असतं तर पंचनामा वाचल्यासारखं झालं असतं. तुमच्या कथेत कोण सांगतंय, ते आधी सांगा.

ओली_शाई
कुणीच नाही. तृतीयपुरुषी आहे. एक म्हातारी आणि आटलेली विहीर.

वऱ्हाडी_ठेचा
मग संपादक बरोबर. उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) तृतीयपुरुषीच आहे. नायिका कौतिक बोलते वऱ्हाडीत, निवेदन प्रमाण भाषेच्या अंगाने जातं. म्हणून ती कादंबरी वऱ्हाडची नाही म्हणायची काय?

रानवाट
दादा, 1960 मध्ये चाललं म्हणून तोच कायदा? लेखक गावचा, पात्रं गावची, मग मधेच हा रेडिओवरचा आवाज कुणाचा?

खाडाखोड
मी मुद्रितं तपासते, म्हणून जरा वेगळं दुखणं सांगते. नवे लेखक 'ण'चा 'न' करतात. पानी, कोन, आनि. की झाली बोली! वाक्य मात्र पाठ्यपुस्तकातलंच. बोली क्रियापदात असते हो. वऱ्हाडात 'काय करून राहिला?' म्हणतात, त्यात एकही अक्षर मोडलेलं नाही, तरी माणूस कुठला ते कळतं. तुमच्या कथेतलं एखादं वाक्य टाका बघू, उगाच हवेत भांडतोय.

ओली_शाई
घ्या.
छापायला हवं तसं: म्हातारी विहिरीच्या काठावर बसली होती. पाणी तळाला गेलं होतं.
मी लिहिलेलं: म्हातारी हिरीच्या काठाला बसल्याली. पाणी पार तळाला गेल्यालं.

खाडाखोड
दुसरं. 'बसल्याली'त ती सकाळपासून बसलीय असं वाटतं. 'बसली होती'त नुसती नोंद आहे.

वऱ्हाडी_ठेचा
दोन वाक्यं गोडच लागतात, ताई. मले 'हिरीच्या'पाशीच थांबावं लागलं. हीर म्हणजे विहीर, हे कळायला धाग्यात वर जाऊन बघितलं.

रानवाट
थांबलात ना? मग बिघडलं काय!

ओली_शाई
बिघडलं असं, की कथा 12 पानांची आहे. इतक्या वेळा कोण थांबणार?

खाडाखोड
मी थांबेन. पाठवा. पण त्यात 'आनि' दिसलं तर लाल पेन काढणार.