अनुभव धागा: उरलेलं पीठ, रस्सा, तेल, खरकटं... सिंक न तुंबवता तुमच्या घरी याचं काय करतात?

घोडबंदर रोडला आमच्या इमारतीत दिवाळीच्या आसपास स्वयंपाकघरांची उभी लाइन हमखास तुंबते. वरच्या सगळ्या मजल्यांच्या सिंकचं पाणी एकाच पाइपातून खाली येतं. तळाशी तो पाइप आडवा होऊन चेंबरकडे वळतो, आणि सगळा गाळ बसतो तो त्याच वळणावर. वरच्यांना काही कळतही नाही. पहिल्या मजल्यावरच्या घरात मात्र सिंकमधून दुसऱ्याच कुणाचा भात आणि काळं पाणी वर येतं. त्या घरातल्या काकू ऐन सणात बादल्या भरभरून ते उपसत होत्या. ते पाहिल्यापासून हा विषय काढायचा मनात होतं.

देठं-सालींचा प्रश्न नाही, ती सरळ ओल्या कचऱ्यात जातात. अडतं ते धड घट्ट नाही, धड पातळ नाही अशा गोष्टींपाशी. आंबून गेलेलं डोशाचं पीठ, भज्यांचं बेसन, आटलेला रस्सा, खिरीचं पातेलं. डब्यात टाकलं तर पिशवी गळते, म्हणून हात आपोआप सिंककडे वळतो. आपापल्या घरची रीत लिहा. कशाचं नेमकं काय करता ते येऊ द्या. नुसतं ‘काळजी घ्यावी’ नको.

कोपरखैरणे

मी बालवाडीत शिकवते. मुलांचा एक लाडका खेळ आहे: दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर आणि साधारण एक वाटी पाणी. जोरात ठोसा मारला की घट्ट, हळूच बोट घातलं की पातळ. खेळ उत्तम, पण नंतर ती परात बेसिनमध्ये ओतली तर पाइप गेलाच म्हणून समजा. कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण नुसते तरंगत असतात, पाणी स्थिर झालं की तळाशी बसून घट्ट थर होतो. बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या भागात किंवा बाटलीत, पाणी कायम साचलेलंच असतं, म्हणजे बसायला अगदी आयती जागा.

बरेच पालक विचारतात, गरम पाणी सोडलं तर जाईल ना वाहून? उलट होतं. साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. सुती साडीला खळ करतो ना, तीच खळ पाइपात तयार होते.

आमच्याकडे परात रात्रभर हलवायचीच नाही. सकाळी वर नितळ पाणी आलेलं असतं, ते अलगद ओतून द्यायचं. खालचा गोळा वर्तमानपत्रावर पसरून उन्हात किंवा पंख्याखाली ठेवायचा. सुकला की भुगा होतो, तो ओल्या कचऱ्यात. मुलांनी आधी हात एकमेकांवर कोरडेच चोळायचे, पीठ कागदावर झडू द्यायचं, मग बादलीत धुवायचे. बादलीही तशीच निवळू द्यायची. मुलांना निवळण्याची ही क्रिया बघायला ठोसा मारण्याइतकीच आवडते.

नौपाडा

आमची जुनी इमारत, घरात अजून मोरी आहे. माझ्या सासूबाईंची शिस्त होती की पिठाच्या भांड्याला आधी पाणी दाखवायचं नाही. परात सुकू द्यायची. उकडीची, कणकेची पापुद्रे धरलेली परात सुकल्यावर उलथन्याने सहज सुटते. लगेच पाणी घातलं की सगळा चिकटा मोरीत जातो.

मिक्सरचं भांडं वाटीभर पाण्याने विसळायचं आणि ते पाणी पिठातच घालायचं, घावन पातळच लागतात. डाळ शिजवलेलं पाणी म्हणजे कटाची आमटी, ते टाकायचा प्रश्नच नाही. पीठ आंबट झालं तर कांदा-मिरची घालून उत्तपे. अगदीच बिघडलं तर त्यात शिळ्या पोळीचे तुकडे कुस्करून घालते. ते पाणी शोषून घेतात, गोळा घट्ट होतो आणि डब्यातून गळत नाही. बेसनाला पोळी नसेल तर गव्हाचा कोंडा चालतो.

आणि पिठाचं भांडं नेहमी गार पाण्याने धुवा. कोपरखैरण्याच्या ताईंनी लिहिलंय ते कारण मला आजवर माहीत नव्हतं, पण रीत आमच्याकडे तीच आहे.

कळवा

मी प्लंबर आहे. सिंकखालची बाटली, म्हणजे वर सांगितलेला ट्रॅप, उघडली की सगळ्यात जास्त निघतं ते भाताचं शीत, चहाचा चोथा आणि या सगळ्याला धरून ठेवणारं तूप-डालडा. नुसता भात बऱ्याचदा पुढे सरकतो. चिकटपणा आला की सरकत नाही.

लोक म्हणतात, उकळतं पाणी ओतलं की तूप वितळतं. वितळतं खरं, पण थोडं पुढे जाऊन पाइप गार लागला की पुन्हा थिजतं, आणि आता ते अशा जागी असतं जिथे माझा हात पोचत नाही, स्प्रिंगच घालावी लागते. शिवाय पीव्हीसी पाइप साठ अंशांच्या वर नरम पडू लागतो. वाकला की मधे पोट धरतो, मग तिथे कायमचा गाळ.

तुंबल्यावर टाकायची ती पावडर बहुतेक कॉस्टिक सोडा असते. पाण्यात पडली की प्रचंड तापते. ती टाकली असेल तर प्लंबरला आधी सांगा, कृपा करून. मी बाटली उघडतो तेव्हा ते पाणी माझ्या हातावर येतं, डोळ्यात उडू शकतं. आणि अॅसिड, ब्लीच, पावडर एकावर एक कधीच ओतू नका. ब्लीचमध्ये अॅसिड पडलं तर क्लोरिन वायू निघतो, छोट्या बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळलं की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांनाच मारून टाकतात. थिजलेल्या तुपाला त्याने फारसं काही होत नाही.

बाटली तुम्हीही साफ करू शकता. खाली बादली ठेवा, खालचा कप हाताने फिरवून सोडवा, गाळ कागदावर काढा, कप परत लावताना वायसर जागेवर आहे ना ते बघा. नव्वद टक्के कामं मला फोन न करता होतील अशी इच्छा आहे, कारण उरलेली खरी अवघड असतात.

ऐरोली

माझा डब्यांचा व्यवसाय आहे, त्यामुळे रोज रस्सा, डाळ, तेल यांच्याशी गाठ. उरलेला रस्सा मोठ्या गाळणीतून गाळते. चोथा ओल्या कचऱ्यात. खालचं पाणी गार होऊ देते. मटणाचं असेल तर फ्रीजमध्ये ठेवते, वर चरबीची साय धरते, ती चमच्याने उचलून कागदात गुंडाळायची. तेलकट कढई आधी कागदाने किंवा पोळीच्या तुकड्याने पुसायची आणि मगच साबण. साबणाने तेल नाहीसं होत नाही, ते बारीक होऊन पुढे जातं इतकंच. पुढच्या पाइपात ते साबणाच्याच साक्यासकट पुन्हा जमतं.

तळणीचं तेल मी कॅनमध्ये साठवते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली वापरलेल्या तेलासाठी ‘रुको’ उपक्रम सुरू केला, त्यात ते गोळा होऊन बायोडिझेलसाठी जातं. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपुढे गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियमही त्याच वर्षापासून आहे. घरी तेल थोडंच उरतं. ते जुन्या बाटलीत गार करून, झाकण घट्ट लावून साठवा आणि गोळा करणाऱ्याला द्या. तसं कुणी नसेल तर लाकडाच्या भुशात किंवा कागदात जिरवून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये मात्र चमचाभरही नको.

चेंदणी कोळीवाडा

मासळी वर्तमानपत्रावर साफ करायची, खवले-पर तिथेच गुंडाळायचे. खवला जाळीतून जातो आणि आत आडवा बसतो. धुतलेलं पाणी मिठाचं नसेल तर गाळून माडाला घालतो.

वाशी

थोडा वेगळा सूर लावते. सगळंच अडवायला नको, नाहीतर घरात कुणी काहीच पाळणार नाही. जे पाण्यात खरोखर विरघळतं, म्हणजे साखरेचा पाक, सरबत, मीठपाणी, ते भरपूर पाण्याबरोबर खुशाल जाऊ द्या. पाक कडक झाला असेल तर भांड्यात पाणी घालून तासभर ठेवा. ताक पातळ करून गेलं तरी चालतं. नासलेल्या दुधाचा छेना गाळून घ्या, पाण्यात कणीक मळा. अडवायच्या त्या दोनच जाती: फुगणाऱ्या आणि थिजणाऱ्या. मी मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना एवढंच सांगितलंय, आणि सिंकवर बारीक स्टीलची जाळी कायम बसवून ठेवली आहे.

नेरूळ

आमच्या सोसायटीत आवारातच खत होतं. २०१६च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर तो जागेवर जिरवायची जबाबदारी आली, तेव्हा सुरुवात झाली. माझी सगळ्यांना विनंती: पातळ काहीही पिशवीत बांधून देऊ नका. पिठाचं पाणी खड्ड्यात पडलं की हवा कोंडते, वास सुटतो, अळ्या होतात आणि ते हाताने उपसणारा माणूस आपल्याच आवारात काम करतो. आधी सुकी पानं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा भुसा मिसळून घट्ट करा. फार तेलकट, फार खारट, लोणच्याचा खार वगैरे थोडं थोडंच.

घोडबंदर रोड (धागा मांडणारी)

नेरूळच्या दादांचं वाचून आमच्या समितीला आजच कोकोपीटची विटकर आणायला सांगितली. सिंकखाली बसवायच्या दळणाच्या यंत्राबद्दल दोघींनी निरोपात विचारलं. माझं मत: बारीक केलेलं अन्नही त्याच उभ्या पाइपातून खाली जाणार आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर बसणार. एकच लाइन असलेल्या इमारतीत ते नको.

श्रावण तोंडावर आहे आणि साबुदाण्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. धुतल्यावर येणारं ते दुधाळ पाणी निवळू देता की तसंच सोडता?

कोपरखैरणे

निवळूच द्यायचं, तोही स्टार्चच. आणि भिजवलेला साबुदाणा चुकूनही जाळीखाली जाऊ देऊ नका, पाइपात तो आणखी फुगतो. भगरीचंही तसंच.